गच्चीवरचा बर्फ

मुलुंडच्या ज्या इमारतीत मी ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत राहत होतो, तिथे कोणाला घड्याळाचा गजर लावावा लागत नसे. सकाळ झाली की गच्चीवरून आवाज सुरू व्हायचा. आधी काहीतरी घसरत गेल्याची सळसळ, मग गोणपाटावर काहीतरी आदळल्याचा बद्द आवाज. सळसळ, धप्प. सळसळ, धप्प. मध्येच एखाद्या वेळी पत्रा वाजल्यासारखा ठण्ण आवाज येई आणि तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना कळे, की हवालदारांचा एक बसला.

हवालदार म्हणजे माझे घरमालक. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातली बाहेरची खोली मी भाड्याने घेतली होती. मी वर्तमानपत्रात रात्रपाळी करून पहाटे परतत असे, त्यामुळे या आवाजाचा सर्वांत जास्त त्रास मला होता. तक्रार मी केली नाही, कारण आवाज करणारा माणूस भाडेकरू बदलू शकत होता.

लष्करात ते नायक होते. हवालदार त्यांना बिल्डिंगने केलं. मूळ मालवणकडचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम पाहत. अंगाने किरकोळ, केस बारीक कापलेले, चालताना डावा हात स्थिर आणि उजवा थोडा पुढे, जणू त्यात काठी आहे. बऱ्याचदा ती असेही.

गच्चीवर ते आइस हॉकीचा सराव करत.

मुंबईत बर्फ मासळीवाल्यांकडे आणि उसाच्या रसवाल्याकडे मिळतो, हे त्यांना माहीत होतं. त्याने त्यांना काही फरक पडत नव्हता. "बर्फावर खेळायचं असतं," ते मला म्हणाले होते, "शिकायचं असतं जमिनीवर. तिकडे तळं गोठतं दोन महिने. बाकीचे दहा महिने काय झोपायचं?"

साधनं त्यांनी स्वतः जमवली होती. प्लायवर चिकटवलेला सनमायकाचा एक पत्रा, आणि त्यावर कॅरमची बोरिक पावडर. हा त्यांचा बर्फ. कारखान्यात मशीनखाली बसवतात त्या जाड रबरातून कापलेली चकती. तिला ते पक म्हणत, बिल्डिंगमधले बाकी सगळे टिक्की. कठड्याला टेकून पाइपांचा एक सांगाडा उभा केलेला, त्याला मेव्हण्याने मालवणहून पाठवलेलं मासेमारीचं जुनं जाळं, जाळ्याच्या मागे गोणपाटं. सांगाड्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बिस्किटाच्या डब्यांची झाकणं टांगलेली. ठण्ण आवाज त्यांचा.

सनमायकाच्या एका कडेला ते रबरी चपला घालून, गुडघे वाकवून उभे राहत. काठी पकामागे टेकवत. मग मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर आणत मनगटं झटक्याने वळवत आणि काठीचं टोक शेवटी कोपऱ्याकडे रोखलेलं ठेवत. पक जाऊन आदळला तरी ते तसेच उभे, फोटो काढून घेतल्यासारखे.

"पक मारायचा नसतो," ते सांगत. "पाठवायचा असतो. काठीचं टोक शेवटी कुठे बघतंय, तिथेच तो जातो."

सराव संपवून खाली येत तेव्हा भुवयांपासून पोटऱ्यांपर्यंत पांढरे झालेले असत. दारातच त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आवाज चढे, "ती पावडर भायर झाडा आणि मगे घरात येवा!"

त्यांना सवयी बऱ्याच होत्या आणि त्या सगळ्या मनगटाशी येऊन थांबत. लाटण्याच्या मधोमध दोरी बांधून खाली वीट लटकवलेली असे. ती दोन्ही हातांनी गुंडाळत वर आणायची आणि हळूहळू सोडायची, हा त्यांचा बातम्या ऐकतानाचा उद्योग. काकूंना पोळ्यांसाठी दुसरं लाटणं घ्यावं लागलं. बसच्या रांगेत उभे असले की छत्री उलटी धरून समोरचा खडा, बाटलीचं बूच, काय असेल ते पुढेमागे हलवत राहत. नजर खाली न्यायची नाही, हा नियम. एकदा स्टेशनबाहेरच्या लिंबू-मिरचीवाल्याचं घरंगळलेलं लिंबू त्यांनी बोलता बोलता छत्रीने उचलून त्याच्या टोपलीत परत पाठवलं. लिंबूवाला हसला. हवालदार गंभीरपणे म्हणाले, "कडेला लागून गेलं. हा धरायचा नाही."

हा धरायचा नाही. दिवसातून हे वाक्य त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकू येई. वरच्या मजल्यावरचे कांबळे सोसायटीचे सेक्रेटरी होते, बँकेत कामाला. रविवारी त्यांच्या घरी कॅरम रंगे. एकदा हवालदारांनी राणी घेतली, पाठोपाठ कव्हरही घेतलं, आणि मग दोन्ही सोंगट्या खणातून काढून परत बोर्डावर ठेवल्या.

"आता काय झालं?" कांबळ्यांनी विचारलं.

"लाइट हलली मधेच. तुमची सावली पडली, म्हणून मला कोन नीट दिसला. हा धरायचा नाही."

"अहो हवालदार, फायदा तुमचाच होतोय ना!"

"म्हणून तर."

कांबळे माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या माणसाबरोबर जिंकताही येत नाही आणि हरताही येत नाही, यार."

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदार ते लपवत नसत. त्यांना एका माणसावर एक गोल करायचा होता.

त्या माणसाचं नाव ताशी. हवालदारांची नेमणूक लेहला होती तेव्हा ताशी त्यांच्या युनिटच्या भटारखान्यात काम करणारा तिथला स्थानिक तरुण. हिवाळ्यात छावणीजवळचं तळं गोठायचं आणि दुपारी काम नसलेले जवान त्यावर हॉकी खेळायचे. लष्करी बुटांना वर्कशॉपमध्ये घासून केलेल्या लोखंडी पाती जोडायच्या, काठ्या सुताराकडून करून घ्यायच्या. गोलमध्ये ताशी. जुन्या रजया कापून त्याने पायांना आणि छातीला बांधलेल्या असत. हवालदारांनी युनिटमधल्या प्रत्येक गोलकीपरवर गोल केले. ताशीवर एकही नाही. खालून मारला तर पाय आडवा, वरून मारला तर हात वर. त्याच्या डाव्या खांद्यावरची जागा तेवढी जरा मोकळी राहते, असं हवालदारांच्या लक्षात आलं ते शेवटच्या हिवाळ्यात. पण तिथपर्यंत पक उचलण्याएवढं मनगट त्यांच्याकडे नव्हतं.

निरोपाच्या दिवशी ताशी म्हणाला होता, "घर जा के सीख के आना."

तो थट्टेने म्हणाला असणार. हवालदार घरी आले आणि शिकू लागले. गच्चीवरच्या दोन झाकणांपैकी एक केवळ शोभेला होतं. नेम असायचा तो ताशीच्या डाव्या खांद्यावरच्या झाकणावर.

परत जायचं मात्र राहून जात होतं. मुलीचं लग्न, कारखान्यातला संप, काकूंचं आजारपण. एका जानेवारीत रजा मिळाली, चंदीगडपर्यंत पोचलेही. तिथून लेहचं विमान रोज निघायचं ठरे आणि रोज हवामानामुळे रद्द होई. रजा विमानतळावरच्या बाकावर संपली. पाती लावलेले बूट पिशवीतून न काढता ते घरी आले. काकूंनी पाणी पुढे केलं आणि म्हणाल्या, "मेल्या बर्फानच तुमका परत धाडल्यान." दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आवाज सुरू झाला.

बाजारात काकूंबरोबर सुरमई घ्यायला गेले, की त्यांचं लक्ष मासळीकडे नसे. टोपलीखालच्या बर्फाच्या तुकड्यावर अंगठा घासून पाहत. "मधे पांढरं आहे. हवा धरलेली आहे ह्याने. ह्याच्यावर पाती टिकायची नाही."

कोळीण खेकसे, "ओ दादा, म्हावरा घेतस का बरफ घेतस?"

काकू सुरमईचे कल्ले उघडून पाहत आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणत, "त्येंका बर्फच दी गो. घरात आणूक सोडूचंय नाय मी."

पुढे एक डिसेंबर असा आला, की ताशीच मुंबईत आला.

त्याच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. लेहच्या डॉक्टरांनी दिल्लीला, दिल्लीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तपासण्या झाल्या, शस्त्रक्रियेसाठी सोमवारी भरती व्हायचं ठरलं. तोवर राहायला हवालदारांचं घर. ताशी तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे असेल. रुंद चेहरा, गालांवर उन्हाने भाजलेले लाल डाग, बोलणं अगदी कमी. आमची डिसेंबरची हवा त्याला सोसत नव्हती. आम्ही स्वेटर घातलेले आणि हा बनियनवर पंख्याखाली बसून पाणी पीत असे. काकूंची भाषा त्याला कळत नव्हती, त्याची काकूंना कळत नव्हती. तरी तांदळाची पेज त्याला आवडते हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबे. असाच एकदा हवा खायला गच्चीकडे निघून वरच्या मजल्यावर थांबला असताना कांबळ्यांच्या उघड्या दारातून त्याला भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसली. तो दारातच हात जोडून उभा राहिला. कांबळ्यांनी त्याला आत बोलावलं, चहा दिला. त्यानंतर जिन्यात भेट झाली की ताशी त्यांना "जय भीम" म्हणू लागला. कोणी शिकवलं ते कळलं नाही.

गच्चीवर तो गेला शुक्रवारी सकाळी. लोखंडी घडीची खुर्ची टाकून हवालदारांनी त्याला जाळ्याच्या बाजूला बसवलं आणि आपलं सगळं दाखवलं. सनमायका, पावडर, रबर. मग फटके सुरू केले. मी रात्रपाळी संपवून तसाच वर गेलो होतो. त्या दिवशी हवालदारांना काय झालं होतं कोण जाणे, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. डाव्या खांद्यावरचं झाकण वाजतच राहिलं. एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. खाली कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ताशी पकाकडे पाहत नव्हता. तो हवालदारांच्या चपलांकडे पाहत होता.

"पैर," तो म्हणाला.

"क्या पैर?"

"तुम्हारा पैर जमीन को पकड़ता है. पीछेवाला. उसी से धक्का मारते हो." त्याने बसल्या बसल्या आपला तळवा गच्चीच्या खडबडीत फरशीवर घासून दाखवला. "बर्फ पकड़ने नहीं देता."

हवालदारांनी खाली पाहिलं. पकाखाली त्यांनी इतकी वर्षं बर्फ केला होता. स्वतःच्या पायांखाली करायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, कांबळ्यांच्याही नाही. गच्चीवर येऊन पाहून गेलेल्या कोणाच्याच नाही. ते चपलांमध्ये बोटं आवळत आणि सोडत थोडा वेळ उभे राहिले. मग काठी कठड्याला टेकवली आणि म्हणाले, "म्हणजे आतापर्यंतचे सगळे धरायचे नाहीत."

ताशी हसायला लागला, आणि दम लागल्यामुळे त्याला ते थांबवावं लागलं.

शनिवारी हवालदार कामावरून उशिरा आले. कांजूरमार्गला मासळीवाल्यांना बर्फ पुरवणारा कारखाना होता, तिथे ते गेले होते. रविवारी सकाळी एक टेम्पो बिल्डिंगसमोर थांबला. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या हमालांनी खांद्यावरून गच्चीवर चढवायला सुरुवात केली. जिन्यात भुसा आणि पाणी. प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली. "कोणाचं लग्न आहे?" तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. "लगीन नाय, खूळ," काकू वरून म्हणाल्या.

त्यांचा विरोध खुळाला नव्हता. खुळाची त्यांना सवय होती. "उद्या त्येच्या काळजाचा ऑपरेशन आसा, नि आज तुमी त्येका फटके मारतल्यात?"

हवालदारांनी ताशीला विचारलं, आणि दोनदा विचारलं. ताशी म्हणाला, "गोलकीपर को दौड़ना नहीं होता. खड़ा रहना है. खड़ा रहने को डॉक्टर ने मना नहीं किया." मग काकूंकडे वळून तो म्हणाला, "दीदी, कल के बाद पता नहीं कौन बोलेगा खड़े हो जाओ."

हे हिंदी काकूंना कळलं. त्या खाली गेल्या आणि आपली गोधडी घेऊन आल्या. ती चौपदरी घडी करून त्यांनी ताशीच्या छातीवर स्वतःच्या हाताने बांधली, पाठीमागे साडीच्या काठाने गाठ मारली. "दुखला तर सांगूचा. लगेच सांगूचा," त्याला मालवणीत बजावलं. ताशीने मान हलवली.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत गोणपाटं अंथरून लाद्या एकमेकींना भिडवून लावल्या होत्या. एक पट्टा हवालदारांसाठी, जाळ्यासमोर थोडासा ताशीसाठी. मधल्या फटींत बर्फाचा चुरा. हवालदारांनी माळ्यावरून बूट काढले. पात्यांना खोबरेल लावून कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते घालून उभे राहिले तेव्हा एकदम उंच वाटले.

पहिल्या फटक्याला ते पडले. काठी एकीकडे, पक जागच्या जागी. बिल्डिंगमधली पोरं हसली. दुसऱ्या फटक्याला पक सरकत गेला, ताशीने गुडघा टेकवून तो थांबवला आणि काठीने परत पाठवला. तिसऱ्याला तसंच. चौथ्याला हवालदार पुन्हा पडले. चपलांवर सवय झालेला मागचा पाय प्रत्येक वेळी जमीन शोधायला जाई आणि निसटे. गुडघ्यातून थोडं रक्त येत होतं. डिसेंबर असला तरी ऊन टाकीच्या सावलीच्या कडेपर्यंत आलं होतं आणि लाद्यांवर पाणी चमकायला लागलं होतं.

कांबळे धापा टाकत वर आले ते तेवढ्यात.

"हवालदार! माझ्या हॉलमध्ये पाऊस पडतोय. डिसेंबरमध्ये! मे महिन्यात डांबर टाकून घेतलंय आपण ह्या गच्चीला. वाट लावलीत तुम्ही त्याची." मग त्यांना जाळ्यासमोर गोधडी बांधून उभा असलेला ताशी दिसला.

"जय भीम," ताशी म्हणाला.

"जय भीम." कांबळ्यांनी बर्फाकडे पाहिलं, हवालदारांच्या गुडघ्याकडे पाहिलं. शुक्रवारची गोष्ट त्यांनाही माहीत होती आणि सोमवारचीही. "किती वेळ आहे अजून?"

"एक फटका," हवालदार म्हणाले.

"खाली बादली लावून आलोय. ती भरायच्या आत संपवा."

हवालदार पट्ट्याच्या टोकाला गेले. ताशी वाकला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. काकू त्याच्या बाजूला खुर्ची धरून उभ्या होत्या. हवालदारांनी या वेळी पाय आडवा लावून पातीच्या कडेवर जोर दिला, तसं कोणीतरी सांगितल्यासारखं. शरीर पुढे आलं, मनगटं वळली, आणि त्याच क्षणी त्यांच्या पायाखालची लादी सुटून मागे सरकली. ते तोंडावर पडत असताना काठीचं टोक वर राहिलं होतं. पक भेलकांडत उचलला गेला. ताशी हलला नाही.

ठण्ण.

डाव्या खांद्यावरचं झाकण गोल गोल फिरत राहिलं. पोरांनी आरडाओरडा केला. कांबळ्यांनी स्वतःच्या छताचं विसरून दोन्ही हात वर केले होते. "झकास! गेला रे गेला!"

हवालदार पाण्यात बसले होते. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मग ताशीकडे. ताशी खुर्चीत टेकला होता आणि काकू त्याच्या पाठीमागची गाठ सोडत होत्या.

"ह्यो धरूचो नाय," हवालदार म्हणाले.

"क्या बोला?" ताशीने विचारलं.

"बोलता है गिनने का नहीं," कांबळे चिडून म्हणाले. "अहो, तुमच्या डोळ्यांसमोर गेला!"

"गिनो," ताशी म्हणाला. त्याला एकेक शब्द श्वास घेऊन बोलावा लागत होता. "बर्फ पे... सब गिर के ही मारते हैं. मैंने सब गोल... ऐसे ही खाये हैं. गिनो."

"लादी सरक गयी. मैं गिरा, तो तू मेरेको देख रहा था. पक को नहीं. नहीं गिनूँगा."

"तो फिर?"

"मी येतो तिकडे." मराठीत बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मग आलं. "मैं उधर आता हूँ. तुम्हारे बर्फ पे. अगली सर्दी."

खालून कोणीतरी कांबळ्यांना हाक मारत होतं, बादली भरल्याचं सांगत होतं. कांबळे हलले नाहीत.

"अगली सर्दी मेरेको खड़ा रहना पड़ेगा फिर," ताशी म्हणाला.

"रहना पड़ेगा."

हवालदार इतकी वर्षं त्या एका गोलासाठी पहाटे उठत होते. तो झाला होता, साक्षीदारांसमोर झाला होता, आणि समोरच्या माणसाने मान्य केला होता. त्यांनी तो सोडून दिला. त्या वेळी मला ते त्यांच्या नेहमीच्या हट्टासारखंच वाटलं. काकूंना तसं वाटलं नसावं. एरवी ज्या बाईने 'एकदाचो होवंदे तो गोल' म्हणून देवाला नारळ बोलला होता, तिने काहीच वाद घातला नाही. त्यांनी नवऱ्याला हात देऊन उठवलं आणि म्हणाल्या, "नाय धरूचो तर नाय धरूचो. उठा आता, थंडी भरतली."

शस्त्रक्रिया झाली. बरे दिवस आणि वाईट दिवस आलटून पालटून गेले. हवालदार कारखान्यातून परस्पर रुग्णालयात जात आणि शेवटच्या गाडीने येत. छाती उघडून जोडल्यामुळे ताशीचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटांनी चढवत तो वर नेण्याचा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर त्याच्या बोटांचे डाग पडले, खिडकीच्या मध्यापर्यंत. त्याच्या वर ते जात नव्हते. हात वर जाईल की नाही, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. उन्हाळा सुरू व्हायच्या आत ताशी परत गेला. निघताना कांबळ्यांनी त्याला बुद्धाची छोटी तसबीर दिली आणि हवालदारांनी रबराची एक चकती.

कांबळ्यांनी छताला पुन्हा रंग लावून घेतला. मे महिन्यात गच्चीवर परत डांबर पडलं.

सकाळचा आवाज बदलला. हवालदारांनी दुसरा सनमायका आणला, स्वतःच्या पायांखाली टाकायला. त्यावरही पावडर. पायांत चपलांऐवजी जुने मोजे. आता सळसळीच्या आधी आणखी एक आवाज येई, माणूस पडल्याचा. पहिले काही महिने तोच जास्त येई. पत्रा वाजायचा जवळजवळ बंद झाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस उभं राहायला शिकत होता. जिन्यात लंगडताना दिसले, की मी विचारत असे, काय म्हणतोय सराव? "पाय अजून जमीन शोधतो," ते सांगत.

पुढच्या जानेवारीत त्यांनी रजा घेतली. या वेळी विमान उडालं. बरेच दिवस काही कळलं नाही. काकू वरकरणी निवांत होत्या, पण त्या दिवसांत गच्चीवर गोणपाटं उन्हात घालायला म्हणून जात आणि खूप वेळाने खाली येत.

ते परतले त्या दिवशी मी घरी होतो. दार मीच उघडलं. चेहरा उन्हाने काळा पडलेला, ओठ फुटलेले, खांद्यावर तीच पिशवी. पाती तिच्यातून बाहेर डोकावत होती. आवाज ऐकून काकू स्वयंपाकघरातून आल्या. कांबळेही जिन्यातून खाली उतरत होते, ते तिथेच थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"अडवला," हवालदार म्हणाले.

कांबळ्यांनी तोंडाने चक् आवाज केला.

"पडलो नाही मी," हवालदार म्हणाले. "बरोबर गेला होता. डाव्या खांद्यावरून, अगदी वरून. सरळ आत जात होता." त्यांचा चेहरा फुलून आला होता. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं. "आणि ताशीने हात वर केला. असा."

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, दारातच, त्यांनी आपला डावा हात सरळ डोक्याच्या वर नेला आणि तो तिथेच धरून उभे राहिले. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डागांकडे. बोटांचे डाग जिथे थांबले होते, त्याच्या कितीतरी वर तो हात होता.